पांढऱ्या साडीतला चेहरा

मीटरकाका लग्नाच्या पंगतीत बसले तरी गळ्यातला उजेड मोजायचा मीटर काढत नसत. वाढपी त्याला कॅमेरा समजून ऐटीत उभा राही, आणि काका खरोखरच त्याच्या गालावरचा उजेड मोजत. गोडादऱ्यात, गुजराती शहरातल्या आमच्या मराठी वस्तीत, सगळे त्यांची टिंगल करायचे. मीही करायची, पण माझा त्यांच्यावर फार जीव होता.

निवृत्त होण्याआधी ते टीव्ही केंद्रात होते. फिल्ममधला उजेड टीव्हीच्या पडद्यावर कितपत उतरतो, ते मोजायचं त्यांचं काम. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर तर त्यांचा दातच होता. "पांढरं कोनीबी दाखवीन, पोरी," ते म्हणत. "सावळं मानूस दाखव म्हना! सगळ्या सावल्या गिळतो तो डबा."

आमच्याकडे आईबाबांच्या लग्नाची छोटी फिल्म होती. आई मी तान्ही असतानाच गेली. तिचा हसरा फोटो एकही नाही. बाबांनी हौसेने स्टुडिओतून त्या फिल्मची कॅसेट करून आणली. बौद्ध पद्धतीचं लग्न, नवरी पांढऱ्या साडीत, आणि आई चांगली सावळी. आमच्या टीव्हीवर लखलखीत साडी चालत होती आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग. बाबांनी टीव्ही बंद केला. "मला बी आता तिचा चेहरा नीट आठवत नाही," ते म्हणाले. मला रडू कोसळलं.

काका प्रोजेक्टर घेऊन आले. फिल्म भिंतीवर लावली, आईच्या गालावर मीटर धरला, मग कॅसेट लावून टीव्हीच्या काचेवर. "फिल्ममधी चेहरा शाबूत हाय. स्टुडिओवाल्यानं साडी बघून उजेड कमी केला." मग भिंतीसमोर व्हिडिओ कॅमेरा ठेवून ते चेहऱ्याच्या मापाने उजेड वाढवू लागले.

"अहो, साडीचा काठ दिसणार नाही! तिनं हातानं भरला होता," बाबा कळवळले.

"साडी जाऊ दे, भाऊ. चेहरा येऊ दे."

नव्या कॅसेटवर साडीचा नुसता पांढरा धूर झाला होता, आणि त्यात माझी आई एका बाजूने ओठ ओढून हसत होती. "अशीच हसायची," बाबा म्हणाले आणि काचेला हात लावून बसले.

गेल्या महिन्यात मीटरकाका गेले. शोकसभेसाठी त्यांच्या मुलांनी त्यांचा मोठा फोटो करून आणला: शर्ट लख्ख, चेहरा काळाठिक्कर. लोक जमायला लागले होते, तरी मी तो उचलला आणि गुजराती फोटोवाल्याचं दुकान गाठलं.

"शर्ट जवा दो, भाई," मी म्हणाले. "चहेरो लावो."