वानरीच्या बाळाला गाव रडलं

रविवारच्या बाजारातून घरी आलं ते असं: पांढरी मलमल दोन मीटर, चौदा रुपये. लोकरीच्या दोन लडी, अकरा रुपये. पाव किलो डिंक, त्याला भाव करूनही नऊ पडले. आणि सोमवारी टपालानं आलं एक कार्ड, पंधरा पैशांचं. माझ्या धाकट्या बहिणीचं, शांताचं. "कमलचं बाळ गेलं. मुलगा होता. आता बारसं नाही. कमल रडत नाही, बोलत नाही, जेवत नाही. मला भीती वाटते. अक्का, तू ये."

कमल माझी भाची. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. माहेर म्हणजे धुळ्याच्या पलीकडे साक्री रस्त्याला, नेरच्या थोडं पुढं, पांझरेच्या काठी. हे म्हणाले, "तू जाऊन काय करणार?" ते मलाही ठाऊक नव्हतं. देवापुढं दिवा लावला आणि निघाले.

नशिराबादहून जळगाव, तिथून धुळ्याची एस.टी. तुम्ही सकाळी गेलात तर उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे पारोळ्यापर्यंत ऊन मांडीवर बसतं. तिकीट साडेबारा रुपये. एरंडोलला गाडी थांबते, भजी चांगली दिसतात, पण मी घरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. मांडीवरची पिशवी मी दोन्ही हातांनी धरलेली पाहून कंडक्टर म्हणाला, "मावशी, एवढं जपीसन काय लई चालन्या? सोनं शे का?"

"डिंक आहे," मी म्हटलं.

"मंग बारसाले चालन्यात! पेढा लागी बरं परतीले."

मी मान हलवली. त्याचा काय दोष?

धुळ्याच्या स्टँडवर साक्रीची गाडी तासभर उशिरा लागली. पुढचा रस्ता अरुंद, पण दोन्ही बाजूंना निंबाची झाडं, आणि नेरनंतर नदी सोबत चालते. फाट्यावर उतरून गावात पायीच जावं लागतं. गावाच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आणि मोठा पिंपळ. पिंपळावर वानरांची टोळी होती. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. एका वानरीच्या हातात काहीतरी चिंधीसारखं लोंबत होतं. मी हात जोडले आणि पुढं झाले.

कमल माजघरात भिंतीशी बसली होती. डोळे कोरडे. छाती दुधानं दाटलेली, त्यावर शांता कोबीची पानं बांधत होती. मी कमलचं डोकं पोटाशी घेतलं. लाकूड घ्यावं तसं वाटलं.

"हिला रडू दे ना गं," मी शांताला ओट्यावर नेऊन म्हटलं.

"कशी रडेल? नाव न ठेवलेल्या बाळाला हेल काढून रडायचं नाही, असं आहे आमच्याकडे. पुढच्या बाळाची वाट अडते. पुरलं त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता. आणि अक्का, रडायचं तरी कसं? नावानं हाक मारून रडतात. नाव नाही, तर हाक कुणाला मारायची?"

तिचंही खरं होतं. आपल्या बायकांचं रडणं म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्याला चाल असते, नातं असतं, नाव असतं. त्यातलं काहीच त्या बाळाला मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले, तेव्हा पारावर माणसं जमली होती. त्या वानरीच्या हातात तिचं मेलेलं पिलू होतं. विजेच्या तारेला चिकटून गेलं म्हणाले. आई त्याला सोडत नव्हती. फांदीवर चढताना ते घसरायचं, ती पुन्हा छातीशी घ्यायची, तोंडावरच्या माशा हाकलायची. वास येऊ लागला होता. एक जण काठी घेऊन पुढं झाला, तर गावच्या सुईणबाई, सगळे त्यांना भिमामाय म्हणतात, ओरडल्या, "ठेव ती काठी! तिनं मन भरनं म्हणजे ती सोडी. तू काय तिना सासरा शे का, घाई कराले?"

लोक हसले. पण काठी खाली गेली.

ऊन उतरल्यावर वानरीनं पिलू पाराच्या कडेला ठेवलं. थोडी दूर गेली, परत आली, हुंगलं, पुन्हा गेली आणि फांदीवर बसून पाहत राहिली. मग गाव कामाला लागलं. तिकडे वानर मेलं की मारुतीचं माणूस मेलं असं धरतात. पुरेपर्यंत कोणी चूल पेटवत नाही. पुरुषांनी बांबू आणला, गुलाल आणला, टाळ वाजू लागले. भुईमुगाचा एक शेतकरी सर्वांत पुढं. भिमामाय त्याला म्हणाल्या, "जित्तं व्हतं तवय गोफण, मरनं ते गुलाल! वा रे भाऊ!" तो खाली मान घालून खड्डा खणत राहिला.

बायका देवळाच्या आवारातल्या निंबाखाली गोल करून बसल्या. मी मागं वळून पाहिलं तर कमल. घरातून एकटीच चालत आली होती, पदर अर्धा सुटलेला. पुजारीबुवा पुढं आले. "बाई, तू बाळंतीण. सोयर फिटलं नाही अजून. मारुतीच्या आवारात यायचं नाही."

कमल थांबली. शास्त्राप्रमाणे बुवांचं चूक नव्हतं.

भिमामायनं पिंपळाकडे बोट केलं. "बुवा, ती वानरीण बी बाळंतीणच शे. सकायपासून देऊळना पारवर बठेल शे. तिले काबर नही हाकलत?"

बुवांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते टाळकऱ्यांकडे निघून गेले.

भिमामायनं हेल काढला. "बजरंगना बाळ रे..." बायकांनी उचलला. कमल त्यांच्यात जाऊन बसली आणि ओरडली, "मना मोहन रे! कोठे गया रे मना मोहन!"

बायकांचा हेल तुटला. हे नाव तिनं कधी ठरवलं होतं, कोणास ठाऊक. शांता घाबरून उठली, तिच्या तोंडाकडे हात नेऊ लागली. भिमामायनं तो हात वरच्या वर धरला.

"रडू दे तिले. वानरना बाळले रडी राहिनी ती. बठ्ठं गाव रडस, तशी ती बी रडस. कोन काय म्हणी?"

आणि पुढची ओळ भिमामायनंच घेतली, "मोहन रे मोहन..." मग सगळ्या बायका मोहनला रडल्या. मी रडले, शांता रडली. वानरी फांदीवरून पाहत होती. अंधार पडायच्या आत चुली पेटल्या. कमलनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि म्हणाली, "मावशी, मीठ द्या थोडं." मुक्या झालेल्या घरात तेवढं ऐकून शांता देवाच्या पाया पडली.

मी घरी आले त्याला आता पंधरवडा झाला. शाळेत मास्तर सांगायचे की माणूस आणि वानर एकाच घराण्यातले, तेव्हा आम्ही मुली तोंडाला पदर लावून हसायचो. मॅट्रिकच्या पुढं मी शिकले नाही, त्यामुळे ते कितपत खरं ते मला सांगता येत नाही. पोथीत याला काय म्हटलंय तेही शोधलं, सापडलं नाही. पण त्या पारावर बुवांनी वर पाहिलं आणि ते बाजूला झाले, तेवढं मी पाहिलं आहे.

हे लिहिण्याचं कारण असं की आमच्याच आळीत परवा एका सुनेचं बाळ गेलं, नावाआधी. ती ओट्यावर गहू निवडत बसते आणि रडत नाही. तिच्या घरीही तोच नियम. आमच्याकडे वानरं येत नाहीत. तुमच्या गावातल्या बायकांनी अशा वेळी दुसरी काही वाट काढली असेल, तर उशीर न करता उलट टपाली कळवा.