आत्याची गोष्ट, आत्याच्याच समोर

परवा रविवारी आमच्या गिरीज गावच्या घरी, पुढच्या ओट्यावर, चक्क एका इंग्रजी गोष्टीचं वर्कशॉप भरलं. हजेरी कुणाची, तर बाबा, आई आणि कुंदाआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण.

मी अमेरिकेत क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये मास्टर्स करतेय, हे नातेवाईकांना अजून नीट समजावता आलेलं नाही. विरारच्या काकांनी एकदा विचारलं, "म्हणजे अक्षर सुधारतात का?" मी हो म्हणून टाकलं. कोण डोकं लावणार...

तर थीसिससाठी मी गोष्टी लिहिल्यात, आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुंदाआत्याची आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती सासरहून एक बॅग घेऊन परत आली, ती कायमची. तेव्हा मी बालवाडीत होते. नवऱ्याने टाकलं असं सगळे धरून चालले, आणि तिला लागेल म्हणून घरात कुणी तो विषयच काढला नाही. आजतागायत नाही.

तिकडे वर्गात गोष्ट सगळ्यांना फार आवडली. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. पण आमच्या प्रोफेसरबाईंनी शेवटी एवढंच विचारलं, की तुझ्या आत्याला हे माहीत आहे का? नाव बदललं होतं मी, पण त्याने काय होतंय? आमच्याकडे केळीच्या बागेतलं पानसुद्धा आत्याला ओळखतं.

मग ठरवलं, सुट्टीत घरी गेले की विचारायचं. ती नको म्हणाली तर गोष्ट काढून टाकायची. त्या गोष्टीशिवाय थीसिस लंगडा पडणार होता आणि नवीन लिहायला वेळ नव्हता... सुट्टी संपत आली तरी माझं धाडस होईना. शेवटी आईला सांगितलं, म्हणजे पर्यायाने बाबांनाही. बाबा म्हणाले, "आधी वाच तरी. काय दिवे लावलेत ते कळू दे."

आत्याला मी सरळ सांगितलं की गोष्ट तुझ्यावर आहे. ती "बरं" म्हणाली आणि मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली घेऊन निवडायला बसली. तिचा चेहरा वाचणं मला जन्मात जमलेलं नाही.

घाबरून मी वाचायच्या आधी आमच्या वर्गाचा नियम सांगून ठेवला. चर्चा चालू असताना लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आणि बाकीच्यांनी कुणा खऱ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, फक्त 'गोष्टीतली बाई', 'गोष्टीतला भाऊ' असं म्हणायचं.

मग इंग्रजी समोर ठेवून आमच्या घरच्या बोलीत सांगत गेले. काही वाक्यं बोलीत येईचनात, ती गाळली. नंतर बघितलं, तर नेमकी तीच वाक्यं रडकी होती.

वाचून झालं आणि आई सुटलीच. "गोष्टीतली वहिनी नणंदेला दारातच चहा देते? कोण देईल असा? आधी आत नाही का घेणार?" वहिनी म्हणजे आई स्वतः, हे सांगायला नको. बाबांची तक्रार, की गोष्टीतला भाऊ नुसता पेपर वाचत बसतो, हे जरा अतीच झालं. आत्याकडे मात्र दोघांपैकी कुणी बघत नव्हतं.

मग आत्या बोलली. मान खालीच, हात कळ्यांत.

"गोष्टीतली बाई फारच बिचारी केलीय. तिला घराबाहेर काढलंय. पण बॅग तिनेच भरली असेल तर? भरल्या ताटावर नवऱ्याने तिच्या बापाचा उद्धार केला. तिने हात धुतले, बॅग भरली आणि निघाली. तो जिन्यापर्यंत मागे आला होता, नको जाऊस म्हणत."

आई पदराशी चाळा करायला लागली. बाबांनी कप खाली ठेवला. नियम पाळूनच म्हणाले, "मग त्या बाईने भावाला का नाही सांगितलं?"

"भावाने विचारलं नाही. तिला वाटलं, रागावलाय. परत आली म्हणून."

यात टोमणा नव्हता हो... ती फक्त सांगत होती. इतकी वर्षं एका घरात, एका पंगतीला जेवून, माझी आत्या हे मनात घेऊन वावरत होती. मला स्वतःच्या गोष्टीची लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की काय सांगू.

"तो रागावला नव्हता," बाबा म्हणाले. आणि मग नियम गेला उडत... "कुंदा, मला कधीच राग नव्हता गं. तुला लागेल म्हणून नाही विचारलं."

आत्याने मान हलवली. डोळे पुसले, ते कळ्यांनी ओलावलेल्या बोटांनीच. आई काही कारण नसताना चहा टाकायला आत गेली.

मी हळूच विचारलं, "मग पाठवू का थीसिसमध्ये ही गोष्ट?"

"अशी नको," आत्या म्हणाली. "आधी तिला तिची बॅग भरू दे. मग पाठव."

तर सध्या मी गोष्ट पुन्हा लिहितेय. हे सगळं इथे टाकायलाही आत्याची परवानगी आहे, आधी वाचून घेतलंय तिने. एक वाक्य काढायला लावलं, ते मी सांगणार नाही.

प्रोफेसरबाईंना मेल करून मनापासून थँक यू म्हटलं. त्यांनी तो एक प्रश्न विचारला नसता तर मी परक्या देशात टाळ्या घेत बसले असते, आणि इथे... जाऊ दे.

काल संध्याकाळी वाडीत पाणी सोडायला बाबा आणि आत्या दोघंही गेले. एरवी एकालाच पुरणारं काम. अंधार पडला तरी आले नाहीत, म्हणून मी हाक मारायला निघाले, तर आईने हात धरला. म्हणाली, "राहू दे. खूप वर्षांचं बोलायचंय त्यांना."