वहिनीची राहिलेली बारावी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावच्या स्टँडवर गोंदियाची एसटी लागली तेव्हा वहिनी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सोडून थेट शेतातल्या बांधीतून आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल. गोंदियाहून मला पुण्याची गाडी धरायची होती, बीएला अर्थशास्त्र घ्यायचं होतं. बाबांचं शेवटपर्यंत एकच, "गोंदियात का कमी आहे? इथूनच ये-जा कर ना." वहिनी म्हणाली, "जाऊ द्या तिले, बाबा." मग माझ्याकडे वळून, "उरलेले धडे फोनवर समजावजो व." मी हसत हो म्हटलं.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. ती लग्न होऊन घरी आली तेव्हा मी अकरावीत होते. माझी पुस्तकं बघून तिनेही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं. मग रोज संध्याकाळी चुलीपुढे आमचा वर्ग भरायचा. मागणीचा नियम लिहिताना 'इतर परिस्थिती स्थिर असताना' हे शब्द गाळले की सर गुण कापायचे. वहिनीला त्याचं भारी हसू यायचं. "कोणाच्या घरची परिस्थिती स्थिर रायते व?" आठवडी बाजारात आम्ही मुद्दाम उशिरा जायचो, भाव पडले की टमाटर घ्यायचो आणि घर येईपर्यंत भांडायचो, की हे पुरवठा जास्त म्हणून झालं की मागणी घटली म्हणून. इतकं मनापासून मी पुढे कुणाशीच भांडले नाही, पुण्यातल्या प्राध्यापकांशीसुद्धा.

परीक्षेच्या तोंडावर आई अंगणात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. वहिनी घरी राहिली, मी पेपर दिले. पुढच्या वर्षी ती बसणारच होती.

पहिले काही महिने दुपारी तिचा फोन यायचा आणि मी होस्टेलच्या जिन्यात बसून धडा सांगायचे. पुढे असाइनमेंट आल्या, इंटर्नशिप आली. मागणीची डिमांड झाली, लवचिकतेची इलॅस्टिसिटी. सांगता सांगता मीच अडखळायचे आणि "नंतर करते गं" म्हणून ठेवून द्यायचे. एक दिवस तिने धड्याचं विचारलंच नाही, आईच्या पायाचं सांगितलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, याचं आज फार वाईट वाटतं.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले पुण्यात खूप भेटतात. कुणाला तलावाची मासोळी आठवते, कुणाला आपली बोली. मला तो वर्ग आठवतो. गोंदियाच्या कॉलेजातही हेच अर्थशास्त्र होतं आणि संध्याकाळच्या एसटीने मला रोज घरी आणून सोडलं असतं. बाबांचं ऐकायला हवं होतं, असं आता सारखं वाटतं.

गेल्या दिवाळीत गेले तेव्हा आई काठी टेकत का होईना, हिंडत होती. वहिनी अनारसे तळत होती. मी म्हटलं, "वहिनी, अजूनही बसता येतं बारावीला. फी मी भरते, पुस्तकं पाठवते."

तिने झारा कढईवर निथळत धरला. रागावली नव्हती. "पुस्तकं आहेत व," ती म्हणाली. "पण आता कोणासंग करू अभ्यास?"

घर म्हटलं की आता मला हे वाक्य ऐकू येतं. त्याचं उत्तर मीच होते, आणि माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं.