भील नाही, भिलाईची

नात म्हणते, "आजी, ब्लॉगवर तुझं वाळवंट टाक." मी चौथी पास. कागदावर मी लिहिलं, टाइप तिनं केलं. चुका दोघींच्या.

एक्क्याण्णवची थंडी होती. माझी लेक सुनंदा थरच्या वाळवंटातल्या भील लोकांवर पीएचडी करून राहिली होती. तिथल्या बेऱ्या कोणी खणल्या, हे तिले शोधायचं होतं. बेरी म्हणजे अरुंद तोंडाची खोल विहीर, वाळूखालचं गोड पाणी तिच्यात झिरपते. पुस्तकांत म्हणे सारी राजांचीच नावं. खणणाऱ्यांची नावं मिळाली नाही, तर तिचा अख्खा धडा कोरा राहणार होता.

हे म्हणाले, "एकटी नाही जायची. आईले घेऊन जाय." मी तर कालच्या कालच तयार होती!

आमच्या भिलाईजवळच्या दुर्गहून दिल्ली, तिथून छोट्या लाइनीच्या गाडीनं जोधपूर, मग जैसलमेर. पुढं बस, अन् शेवटी उंटगाडी. जाल तर कानटोपी न्या. मी रेती गरम समजून एकच शाल नेली, अन् रात्रभर दात वाजवले. शिदोरीची तीळपोळी मात्र आठवडाभर टिकली.

गावात धापूमाय होती, सत्तरीची भील बाई. साऱ्या बेऱ्या तिले पाठ, पण सुनंदाची वही दिसली की तोंड बंद. दोन दिवस असेच गेले. पोरगी जेवेना.

तिसऱ्या दिवशी मी धापूमायजवळ खाटेवर बसली, तीळपोळी दिली. तिनं विचारलं, "थे कठै रा?" कुठल्या, म्हणून.

"भिलाई."

"भीलां री?"

मले वाटलं, गावाचंच नाव तिच्या तोंडात असं येते. मी जोरात मान हलवली. तिनं माझा हातच धरला. म्हणे, इतक्या दूर आपली माणसं! मग एकेक बेरी, एकेक खणणारा, सात नावं सांगितली. सुनंदा लिहीत सुटली.

संध्याकाळी पोरगी रडवेली. "आई, तिनं तुले भील समजलं. खोट्यावर मी नाही लिहिणार."

"अवो, नावं तर खरी आहेत ना!"

"मग तूच सांग तिले जाऊन."

गेली. म्हटलं, "बहन, मैं भील नहीं. भिलाई गाव है, लोहे का कारखाना." मले वाटलं, गेली पोरीची सारी मेहनत. मग धापूमायनं विचारलं, सुनंदानं मराठीत सांगितलं, "कारखान्याआधी तिथं कोण होतं? तुमचं पाणी कोणी खणलं?"

तेवीस वर्षं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहून मले माहीत नव्हतं.

"विचारून ये," ती म्हणाली. "माझी सात नावं ठेवा. तुमचं एक मले पाठवा."

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दारात भाजीवाली आली. मी कारखान्यामागचा तलाव विचारला. ती टोपलं ठेवून बसलीच. "हमर बबा खने रिहिस, दाई!" तिच्या आजोबानं खणला होता. त्याचं नाव मंगतू.

"अन् तुझं?"

ती हसली. "फिरंतिन. अब पूछत हस?" आता विचारतेस, म्हणून.

अकरा वर्षं मी तिले "ए भाजीवाली" म्हणून हाक मारत होती.

सुनंदाच्या पुस्तकात सात नावं छापली गेली. धापूमायले पत्र मी माझ्याच हातानं लिहिलं. एकच मागितलं होतं. मी दोन नावं पाठवली.