सासऱ्यांचं धोतर आणि माझं पोट

धाकटी झाली तेव्हा सासूबाईंनी माझं पोट सासऱ्यांच्या जुन्या धोतरानं बांधलं. गाठ अशी, की नवऱ्याच्या प्लांटची क्रेन लावली तरी सुटू नये. पोट काही आत गेलं नाही. उलट शिंक आली की साडी बदलावी लागे, आणि हसायचीही भीती वाटू लागली.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "इतकं आवळलं की सगळा जोर खाली पडतो. बांधून ताकद येत नाही." त्यांनी उताणं झोपून, गुडघे वाकवून, श्वास सोडताना पोट अलगद आत घ्यायला शिकवलं. पोटावर ताण देणारे सिट-अप एवढ्यात नकोत, म्हणाल्या.

घरी येऊन मी धोतर सोडलं आणि आमच्या क्वार्टरच्या पुढच्याच खोलीत चटई टाकली. दिसत असेन उलट्या पडलेल्या झुरळासारखी, पण हटले नाही.

सासूबाई दारात आल्या. "बाळंतीण बाई अशी काऊन लोळून राहिली वं? मले चार लेकरं झाली, मी कधी असे चाळे केले नाही."

"म्हणूनच खोकला आला की तुम्ही पाय आवळून उभ्या राहता, आई."

त्या आत आल्या. मग बाहेर डोकावून त्यांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, "श्वास सोडताना आत घ्यायचं, का घेताना?"

"सोडताना," मी म्हटलं. "अन् दार उघडा पहिले. आपण काही चोरी नाही करून राहिलो."