बॉम्बेचं मुंबई करताना

नंदाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती हसत होती. हॉस्पिटलच्या खाटेवर, पांढरीफटक पडलेली, आणि तरी हसत. सकाळी मीच पाठवलेला मेसेज संध्याकाळी गावभर फिरून माझ्याकडे परत आला होता, ओळखू येऊ नये इतका सुधारून. तो तिने वाचला आणि म्हणाली, "ताई, अहो, शहराचं नाव बदललंय हे माझ्या रक्ताला कुणी कळवलंच नाही बघा…" दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीरभाऊजींचा फोन आला. नंदा गेली.

नंदा माझी धाकटी जाऊ, सुधीरभाऊजींची बायको. लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हा तिचा रक्तगट ओ आहे असं सगळे समजत होते. बाळंतपणात रक्त चढवायची वेळ आली आणि ओ गटाची एकही पिशवी जुळेना, तेव्हा कळलं की वरवर ओ वाटणारं तिचं रक्त निराळंच आहे. हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला, म्हणून त्याचं नाव बॉम्बे. या माणसांना फक्त याच गटाचं रक्त चालतं, साधं ओ चढवलं तर जिवावर बेततं. तिचा सख्खा भाऊसुद्धा जुळला नाही. तेव्हा कुणा अनोळखी माणसाने येऊन तिला वाचवलं आणि नंदाने ते ऋण जन्मभर डोक्यावर घेतलं. रक्तासाठी आलेला फोन ऐकू आला नाही असं होऊ नये म्हणून तो फ्रिजवर ठेवायची, आवाज पूर्ण मोठा करून. कणकेचे हात घेऊन धावायची. दोन रक्तदानांमध्ये डॉक्टरांनी ठरवून दिलेलं अंतर पाळून ती ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही रक्त द्यायला गेली.

अशा बाईचा सत्कार करायला आपल्याकडे माणसं टपलेलीच असतात. रक्त द्यायचं म्हटलं की ज्यांना शुगर आठवते, तेच शाल द्यायला पुढे. नंदाने त्या शालींचे मिक्सरला आणि शिलाई मशीनला झगे शिवले. "शाली सगळ्या गटांच्या चालतात हो ताई," असं म्हणायची.

यंदा तिचं पोट आतून रक्तस्रावाने भरलं. ऑपरेशन करायला हवं होतं, पण रक्त हाताशी असल्याशिवाय हात लावता येणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. रक्तपेढीतले लोक बिचारे फोन फिरवून दमले. मी मेसेज लिहिला : 'बॉम्बे रक्तगटाचे रक्त तातडीने हवे. रुग्ण डोंबिवलीत.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी पाटकर आहेत. मराठीचे स्वयंघोषित पहारेकरी. यांची नातवंडं यांना 'ग्रँडपा' म्हणतात, पण दुसऱ्याच्या लिहिण्यातला परका शब्द यांना सोसत नाही. त्यांनी 'बॉम्बे' खोडून 'मुंबई' केलं, वर 'आपल्या शहराचा अभिमान बाळगा' असं जोडलं आणि तो मेसेज होते-नव्हते तेवढ्या सगळ्या ग्रुपांवर धाडला. पुढच्या शहाण्याला 'मुंबई रक्तगट' कळेना, म्हणून त्याने 'मुंबईत रक्त हवे' केलं. त्याच्या पुढच्याने गट राहिलाय म्हणून ओ घातला आणि 'रुग्ण डोंबिवलीत' चुकीचं वाटलं म्हणून काढून टाकलं. ओ गटाची भली पोरं मुंबईतली हॉस्पिटलं धुंडाळत राहिली. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. व्याकरणाने माणूस मेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

माझा मूळ मेसेज कुठून कुठून फिरत आंबिवलीच्या एका माणसापर्यंत पोचला, तो ती गेली त्या सकाळी. धापा टाकत हॉस्पिटलात आला, शर्टाची बाही आधीच वर सारलेली. भाऊजींना पाहून त्याला समजलं. मग कितीतरी वेळ ती बाही तो खाली ओढत राहिला. "मेसेज माना कालच आलता ताय," तो मला म्हणाला, "पन त्यान मुंबई लिवलेली, न् ओ. बॉम्बे लिवला असता त मी धावत आयलो असतो." आंबिवली… आपल्या घरापासून ती कितीशी लांब!

शोकसभेत पाटकर बोलले. नंदाच्या फोटोला शाल घातली आणि गहिवरून म्हणाले, "मुंबई रक्तगटाच्या या रणरागिणीला…" मी उठून म्हटलं, "बॉम्बे." ते थबकले. "ताई, आपण मराठी माणसं…" मी म्हटलं, "बॉम्बे म्हणा, पाटकर. निदान आता तरी म्हणा." ते म्हणाले नाहीत. खाली बसले आणि चहा प्यायले. त्या चहात साखर मात्र त्यांना चालली.

ती शाल मी घरी आणली. तिचाही झगा शिवीन, नंदाला तेच आवडलं असतं. तिचा फोन भाऊजींनी बंद केलेला नाही, तो अजून फ्रिजवरच असतो. परवा मी त्यांच्याकडे कणीक मळत असताना तो ठणाणा वाजला. मी पिठाच्याच हातांनी उचलला. शीळफाट्याहून कुणी मुलगी रडत विचारत होती, "बॉम्बे ग्रुपवाल्या काकू ना?" नंदा गेली, हे तिला सांगितलं. आंबिवलीच्या त्या माणसाचा नंबर दिला, तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतला. मग म्हटलं, "आणि हे बघ बाळ, मेसेज पाठवशील तर बॉम्बेच लिही. कुणी सुधारायला आला, तर आधी त्याला बाही वर करायला सांग."