पाठीमागची बटणं

आमच्या धंद्यात पाठ कुणी बघत नाही. मी शवपेट्या बनवतो, आणि तळाच्या फळीला खालून रंधा मारायच्या भानगडीत कधी पडलो नाही. मयताचे कपडे शिवणारेही तसेच. कपडा पुढून नीटनेटका, मागून वरपासून खालपर्यंत उघडा. दोन्ही कडा अंगाखाली खोचल्या की झालं. उताणा माणूस काही वळून दाखवत नाही.

माझ्या शेजारच्या खोलीत मयताचे कपडे शिवणारी बाई मात्र पाठ पूर्ण शिवायची. मागे पाच बटणं आणि हाताने केलेली पाच काजं. सगळे तिला बटणबाई म्हणायचे. नाव मीच पाडलेलं, खोटं कशाला बोलू? ती नवीन आली तेव्हाच मी विचारलं होतं, "बाई, ही बटणं कुणासाठी?"

"जगाच्या शेवटच्या दिवशी देवाचा कर्णा वाजला की मेलेले सगळे उठणार ना, मिस्त्री? देवासमोर उघड्या पाठीने उभं राहायचं का माणसाने?"

"आणि तोवर कापड कुजलं तर?"

"ते देव बघेल. माझं काम मी बघते."

"कुणी उठत नाही, बाई," म्हणत मी वीस वर्षं तिची टिंगल केली. पालथ्या घड्यावर पाणी! शिवाय ताठलेल्या अंगाला तो कपडा घालायचा म्हणजे दोघांचं काम, आणि दुसरा हात माझाच. कुरकुरत का होईना, मी जायचो. माझ्या अख्ख्या दिवसात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं.

मग तिची एकुलती एक मुलगी वारली. चौतीस वर्षांची, चार महिने अंथरुणाला खिळलेली. बाईचा नवरा केव्हाच गेला होता. चर्चमधून पाळक आले, प्रार्थना झाली, "ती प्रभूजवळ आहे, धीर धरा" असं सगळे म्हणाले. बाई नुसती मान हलवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर हजर. मुलीचा कपडा दुसऱ्या कुणाला शिवू देईना.

दोन खोल्यांमधल्या फळ्यांच्या भिंतीतून तिचं मशीन मला ऐकू यायचं. एक कपडा व्हायला दुपार व्हायची. त्या दिवशी तासाभरात मशीन थांबलं. मी पलीकडे गेलो. टेबलावर पांढरा झगा पसरलेला होता. उलटून पाहिला, तर पाठच नव्हती.

"बाई, मागचं राहिलंय."

"राहू दे. कुणी उठत नाही, मिस्त्री. तुम्हीच सांगत होतात ना? चार महिने मी तिला रोज धरून बसवलं. शेवटी तर मानसुद्धा सावरत नव्हती. ती काय उठणार?"

माझंच बोलणं मी तिच्या तोंडून ऐकत होतो. वीस वर्षं मी खुशाल नाही म्हणत होतो, कारण फळीपलीकडे कुणीतरी हो म्हणत होतं. आता दोन्हीकडून नाही झालं, तर मी एकटा कुठे जाणार होतो?

"खरं सांगा," ती म्हणाली, "उठेल का ती?"

"मला माहीत नाही, बाई. पण माझी बायको तुम्ही यायच्या आधी गेली. उघड्या पाठीनेच. पेटीत मीच ठेवली तिला. तेव्हा काही वाटलं नाही. तुम्ही काजं करायला बसता ना, तेव्हा वाटतं. दर वेळी वाटतं."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग उरलेलं कापड पुढे ओढून तिने कात्री घेतली. पाळक दोनदा चौकशीला आले. दोन्ही वेळा मी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

दुपार टळल्यावर आम्ही मुलीला कपडा घातला. मी तिला खांद्यांना धरून बसवली. तिचं डोकं माझ्या छातीवर आलं. बाई मागून एकेक बटण लावत होती. तिने एकही सोडलं नाही.

शेवटचं बटण लावून झाल्यावर ती तशीच मागे उभी राहिली.

"मिस्त्री, सगळे उठतील ना, तेव्हा मी आधी तुमच्या बायकोला शोधीन. तिच्या मागे उभी राहीन. पाठ दिसू देणार नाही कुणाला."

मी मुलीला हळूच आडवी केली.

"उंच आहे ती," मी म्हणालो. "लगेच सापडेल."